तीन मिलिमीटरचा झेंडा

युद्धनौकेची छोटी प्रतिकृती करणारा हौशी माणूस आधी पेटी आणतो, मग पितळी सुटे भाग आणि शेवटी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे. माझ्या मते या सर्वांआधी तारीख ठरवावी. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, पण बिनतारखेचा कागद माझ्या हातून पुढे सरकत नाही.

आपल्या ‘विक्रांत’चेच पाहा. ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना तिथे नेले असेल. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिचा काही धातू मोटारसायकलींत गेला. आता ती भेटणार फोटोत, नाहीतर कुणाच्या काचेच्या कपाटात. निदान कपाटातली तरी खरी असावी!

जहाज सुमारे ७०० फुटी. १:७०० प्रमाणात ते शाळेतल्या फूटपट्टीएवढे होते आणि एक मिलिमीटर म्हणजे ७० सेंटिमीटर. प्लॅस्टिकचा कठडा अर्धा मिलिमीटर जाड असला, तरी खऱ्या डेकवर ती दीड वीत रुंदीची भिंत होईल. म्हणून रसायनाने कोरलेले पातळ पितळी कठडे वेगळे घ्यावेत. रडारची जाळीही घ्यावी. मात्र पैसे मोजलेत म्हणून पत्र्यावरचा प्रत्येक तुकडा चिकटवायलाच हवा असे नाही. हातभर अंतरावरून जे दिसत नाही, ते खुशाल राहू द्यावे.

खरी गोम डिकॅलमध्ये आहे. जुन्या ‘विक्रांत’चा क्रमांक आर ११, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’चाही तोच. झेंडे मात्र निराळे. १९५० पासून २००१ पर्यंत नौदलाच्या पांढऱ्या निशाणावर तांबडा क्रॉस होता आणि कोपऱ्यात तिरंगा. २००१ मध्ये क्रॉस गेला, २००४ मध्ये परत आला, तोही मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला २०२२ मध्ये, नव्या जहाजाच्याच दिवशी. अभिमानाच्या भरात तो जुन्या ‘विक्रांत’वर लावण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. पण तो अष्टकोन तिने कधी पाहिलाच नाही.

मला विचाराल तर ४ डिसेंबर १९७१ निवडा. त्या दिवशी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला. एक बॉयलर निकामी असताना ती लढाईत उतरली होती. ही तारीख लिहिली की खरेदीची यादी आपोआप आखडते. विमाने सी हॉक आणि अलिझे. सी हॅरियर नकोत. डेकच्या टोकाचा तो वर उचललेला चढही नको, तो १९८० च्या दशकातला. झेंडा क्रॉसचा. खरा सात फुटी धरला, तर इथे जेमतेम तीन मिलिमीटर. पितळी कठडे, डोलकाठी, दोऱ्या हे सगळे पक्के सुकू द्यावे आणि मगच तो चिमट्याने बसवावा.