उमरोळीच्या वाडीतला मे महिना

पालघर आणि बोईसरच्या मधल्या उमरोळीत मे महिन्यात पक्षी पाहायला दुर्बीण हवीच असं नाही. सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं तरी पुरतं. बुलबुल आणि दयाळ हमखास येतात.

तांबट मात्र आधी ऐकू येतो. ‘टुक्‌-टुक्‌’च्या रोखाने शेवग्याची वाळकी फांदी निरखावी: खालच्या अंगाला गोल गरगरीत भोक आणि त्यातून डोकावणारं लाल कपाळ. हे घर त्याने चोचीनेच कोरलेलं असतं. (वाळक्या फांद्या सरसकट छाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

रेल्वेने दक्षिणेला वसई गाठली की सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं तुंगारेश्वर अभयारण्य. पावसाच्या तोंडावर कोकणात विणीसाठी येणारा नवरंग झाडोऱ्यात पालापाचोळा उलटत किडे शोधतो. त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकावी. भर दुपारी गेलेल्याच्या पदरी घामच पडतो.