ब्रिटिश भारतीय सैन्यातील युद्धपदकांची पारख

ब्रिटिश भारतीय सैन्यातील युद्धपदकांची पारख म्हणजे पूर्वजांना मिळालेले किंवा बाजारात विक्रीस आलेले पदक अस्सल आहे काय, ते त्याच सैनिकाचे आहे काय आणि त्याची मागितली जाणारी किंमत रास्त आहे काय, हे ठरविण्याची पद्धत होय. धातू, घडण, कडेवरील नाव, पदकांची परस्परसंगती आणि कागदोपत्री नोंदी या पाच अंगांनी ही पारख केली जाते. यांपैकी कोणतेही एक अंग एकटे निर्णायक मानले जात नाही.

प्रमुख पदके

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आढळणारी पदके प्रामुख्याने दोन महायुद्धांतील आहेत. पहिल्या महायुद्धासाठी 1914चा तारा, 1914-15चा तारा, ब्रिटिश युद्धपदक आणि विजयपदक दिले गेले. यांपैकी 1914चा तारा 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये सेवा बजावणाऱ्यांसाठी होता. वायव्य सरहद्दीवरील मोहिमांसाठी 1908चे भारत सामान्य सेवा पदक दिले जाई व मोहिमेचे नाव कोरलेली पट्टिका त्यावर बसविलेली असे. दुसऱ्या महायुद्धात 1939-45चा तारा, आफ्रिका तारा, इटली तारा, ब्रह्मदेश तारा, युद्धपदक आणि भारत सेवा पदक ही पदके भारतीय सैनिकांना मिळाली.

ही मोहीमपदके ठरावीक सेवा करणाऱ्या प्रत्येकास मिळत. शौर्यपदके व्यक्तिगत पराक्रमासाठी दिली जात. भारतीय सैनिक 1911 पासून व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्र ठरले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतील यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना इटलीतील लढायांसाठी हा सन्मान मिळाला. पूर्वजांचे मोहीमपदक हे शौर्यपदक समजण्याची चूक वारंवार होते व तीमुळे किमतीविषयी अवास्तव अपेक्षा निर्माण होतात.

धातू व घडण

ब्रिटिश युद्धपदक सामान्यतः चांदीचे असून त्याचा व्यास 36 मिलिमीटर आहे. त्याच्या एका बाजूस पाचव्या जॉर्जचे शीर्ष व दुसऱ्या बाजूस अश्वारूढ संत जॉर्ज आहे. विजयपदक काशाचे असून त्यावर पंख असलेली विजयदेवता आहे. दुसऱ्या महायुद्धाचे तारे तांबूस-पिवळ्या मिश्रधातूचे व सहा टोकांचे आहेत, तर भारत सेवा पदक तांबे-निकेल मिश्रधातूचे आहे.

अस्सल पदके ठशाने पाडलेली असतात. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे व्यास किंचित कमी भरतो. कडेवर जोडाची रेषा दिसल्यास संशय बळावतो. चांदी, कासे व तांबे-निकेल यांपैकी काहीही लोहचुंबकाला चिकटत नाही. मात्र पदक चिकटले नाही एवढ्यावरून ते चांदीचे ठरत नाही. पदक हवेत व पाण्यात तोलून घनता काढता येते. 92.5 टक्के शुद्ध चांदीची घनता पाण्याच्या सुमारे 10.4 पट असते, तर काशाची 9 पटींपेक्षा थोडी कमी भरते.

धातू वेगळा निघाला म्हणजे पदक बनावट, असाही नियम नाही. श्रमिक दलांतील भारतीय, चिनी व माल्टी कामगारांना ब्रिटिश युद्धपदक काशाचे दिले गेले होते. अशी पदके सुमारे 1,10,000 होती व चांदीच्या पदकांच्या तुलनेत ती दुर्मीळ आहेत.

कडेवरील नाव

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदक व विजयपदक यांच्या कडेवर, तर ताऱ्यांच्या मागील बाजूस सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण रोमन लिपीत उमटविलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, तर भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा नावे घातली जात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या नावाविना पदकाचा संबंध विशिष्ट पूर्वजाशी केवळ पदकावरून जोडता येत नाही.

मूळ नाव घासून दुसरे नाव घालण्याचे प्रकार आढळतात. अशा पदकाची कडा त्या भागात पातळ होते, सूक्ष्ममापकाने मोजता व्यास जागोजागी वेगळा येतो आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे दिसतात. हरवलेल्या पदकाऐवजी अधिकृतपणे दिलेले बदली पदक काही वेळा तशा खुणेसह येते. ते नक्कल ठरत नाही, परंतु त्याचे मूल्य कमी असते.

मराठी नावांचे रोमन लेखन एकसारखे नसे आणि एकाच पलटणीत समान नावाचे अनेक सैनिक असत. म्हणून नावापेक्षा क्रमांक व पलटण यांची जोडी अधिक विश्वसनीय ओळख देते. 1922च्या पुनर्रचनेपूर्वी मराठा पलटणी 103, 105, 110, 114, 116 व 117 या क्रमांकांनी ओळखल्या जात. त्यानंतर त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत समाविष्ट झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर पुनर्रचनेनंतरचे नाव असल्यास त्याची विशेष तपासणी आवश्यक ठरते.

पदकांची संगती

एकाच सैनिकाला 1914चा तारा व 1914-15चा तारा हे दोन्ही मिळत नसत. विजयपदक मिळालेल्यास ब्रिटिश युद्धपदकही मिळत असे, परंतु केवळ ब्रिटिश युद्धपदक मिळालेले सैनिकही होते. संचातील सर्व पदकांवर क्रमांक व नाव जुळले पाहिजे. हुद्द्यात फरक असू शकतो, कारण ताऱ्यावर रणक्षेत्रात प्रथम पोहोचतानाचा हुद्दा नोंदविला जाई.

फीत नवी असणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. जीर्ण झालेल्या फिती बदलल्या जात. अतिनील प्रकाशात चमकणारी फीत बहुधा अलीकडची असते, एवढाच त्याचा अर्थ.

कागदोपत्री पुरावा

सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, पत्रे व गणवेशातील छायाचित्रे यांवरून पदक व व्यक्ती यांचा संबंध सिद्ध होतो. युद्धात मरण पावलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहेत व त्यांत क्रमांक, पलटण आणि स्मारकाचे स्थान मिळते. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दप्तरे ही शोधाची अन्य ठिकाणे होत. गावांतील महायुद्ध-स्मृतिफलकांवर पुष्कळदा केवळ गेलेल्या व मृत्यू पावलेल्या पुरुषांची संख्या असते. त्यामुळे व्यक्तीची ओळख पटविण्यास ते अपुरे पडतात.

मूल्यनिर्धारण

चांदीच्या पदकाची किमान किंमत त्यातील धातूइतकी असते. 1980च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा असंख्य ब्रिटिश युद्धपदके वितळविली गेली आणि पुष्कळ संच कायमचे तुटले. धातूपलीकडचे मूल्य पदकाचा प्रकार, पलटण, विशिष्ट लढाईशी असलेला संबंध, संचाची पूर्णता, स्थिती व कागदपत्रे यांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, 29 एप्रिल 1916 रोजी कुत येथे शरण गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधील सैनिकाचे पदक संग्राहकांना अधिक मोलाचे वाटते, परंतु त्यासाठी तो सैनिक तेथे होता हे नोंदींवरून सिद्ध व्हावे लागते. केवळ पलटण जुळल्याने ते सिद्ध होत नाही.

विक्रेत्याने मागितलेली किंमत व प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत भेद करणे महत्त्वाचे आहे. तुलनेसाठी त्याच प्रकारच्या, त्याच पलटणीच्या व समान स्थितीतील पदकांच्या पूर्ण झालेल्या लिलावांतील अंतिम बोली पाहिल्या जातात. लिलावात खरेदीदारावर अधिभार व विक्रेत्यावर दलाली लागत असल्याने विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम खरेदीदाराने मोजलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी असते. व्यापारी पुनर्विक्रीचा नफा गृहीत धरून देऊ करतो ती किंमत याहून वेगळी असते. म्हणून एकाहून अधिक स्वतंत्र मते घेणे आणि खरेदी करू इच्छिणाऱ्याच्याच मूल्यांकनावर विसंबून न राहणे हितावह ठरते.

जतन व कायदा

पदक घासून चकचकीत केल्यास अक्षरे व उठाव झिजतात आणि मूल्य घटते. पदके कोरड्या जागी, आम्लरहित कागदात व एकमेकांवर घासणार नाहीत अशी ठेवली जातात. विक्री करावयाची झाल्यास संच न फोडणे व दोन्ही बाजूंची तसेच कडेची छायाचित्रे जपून ठेवणे इष्ट असते, कारण एकदा विखुरलेला संच पुन्हा जुळविणे क्वचितच शक्य होते.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार किमान शंभर वर्षे जुन्या ऐतिहासिक वस्तू पुरावस्तूंच्या व्याख्येत येऊ शकतात व अशा वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता या वयोमर्यादेत येत असल्याने परदेशी लिलावाचा विचार करण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.