मांडव उतरल्यावर

बारामती-इंदापूरकडची वयोश्रीची शिबिरे सगळ्यांनी फोटोत पाहिली आहेत. ज्येष्ठांसाठीची केंद्राची २०१७ ची योजना, खासदार सुप्रिया सुळे यांचा पाठपुरावा, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीतून आलेल्या काठ्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या. पुढचे किस्से मात्र मांडव उतरल्यानंतरचे. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीबरोबर मी या गावांतून फिरते, त्यात हाती लागलेले.

एका आजोबांना काठी मिळाली आणि त्यांचा बाक वाढतच गेला. "मणका गेला," असे घरात ठरले. पुण्याला न्यायला गाडीही दारात आली. निघता निघता मैत्रिणीने काठीची मूठ त्यांच्या मनगटाशी लावून पाहिली, तर ती बरीच खाली होती. नळीतले बटण नातवाच्या हाती लागले होते आणि त्याने काठी आपल्या उंचीची करून घेतली होती. आजोबांना हे ठाऊक होते. "पोरगं खेळतंय म्हणून गप बसलो," म्हणाले.

उसाचा किस्सा मोठा आहे. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि कंबर कुणाचीच धड नसते. मैत्रिणीने एका बाईला आठवडाभर विश्रांती सांगितली. बाईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फड गाठला. एका खाड्यालाही पैसे कापले जातात, तिथे विश्रांती घेणार कोण? मग ठरले की माणसे आपसूक थांबतात तिथेच त्यांना गाठायचे. वजनकाट्यापाशी बैलगाड्यांची रांग तासन्‌तास खोळंबते. तिथे सतरंजी टाकली, गर्दीही झाली. बऱ्याच कंबरा तपासून झाल्यावर लक्षात आले, समोर सगळे पुरुषच आहेत. तीस-चाळीस किलोंच्या मोळ्या डोक्यावर वाहून या गाड्या भरणाऱ्या बाया तिकडे कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांत, भाकरी थापत होत्या. संध्याकाळी सतरंजी कोपीवर गेली. ओझे कसे उचलावे याचा तक्ता मैत्रिणीने उघडला, तोच टोळीतली एक वयस्क बाई पोरींवर ओरडली, "मोळी एकटीनं उचलायची न्हाई, दोघींनी डोईवर द्यायची!" मैत्रिणीने तक्ता मिटला आणि त्या बाईंनाच पुढे बसवले.

उजनीच्या काठावरच्या एका गावातून दोघे भाऊ लकवा झालेल्या वडिलांना मोटारसायकलवर मध्ये बसवून, उपरण्याने बांधून बारामतीला आणत. प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडे. पाय सुधारला, पण खांद्याचे दुखणे हटेना. मशीनचा शेकही देऊन झाला. कारण सापडले ते दवाखान्याच्या दारात. मुले काखेत हात घालून वडिलांना उतरवत होती आणि लुळा खांदा दरवेळी ओढला जात होता. उपचाराला येण्यानेच दुखणे वाढत होते. त्यानंतर मैत्रीण त्यांच्या घरी जाऊ लागली आणि व्यायाम सुनेला शिकवू लागली.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र फिजिओथेरपिस्ट सहसा नसतो. लकव्यातून सावरण्याचा सगळ्यात मोलाचा काळ पहिल्या काही महिन्यांचा, आणि तोच गाडीभाड्याच्या जुळवाजुळवीत जातो. याचा मला राग येतो.

तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते तेव्हा वारकऱ्यांचे पाय तपासायला बसावे, तर वेगळीच पंचाईत होते. मैत्रीण पायाला हात लावायला वाकली की समोरची माउली तिच्या पाया पडायला वाकते आणि डोक्याला डोके लागते. गेल्या खेपेला एका आजींनी पाय दाखवायलाच नकार दिला. "माझं पाय पांडुरंग बघतोय. घरी मालक लकव्यानं पडल्यात, त्यांचं सांगा." इंदापूरपर्यंतच चालून त्या रात्री घरी परतणार होत्या. मैत्रीण तिथेच आडवी झाली आणि आजींनी तिचा पाय हातात घेऊन घोटा, गुडघा, खुबा कसा हलवायचा ते शिकून घेतले. सगळे नीट जमले, तशा त्या म्हणाल्या, "आता दुसरा पाय द्या. त्यांचा डावा गेलाय."