रॉड धरता आला म्हणजे वेल्डर झाला का?



उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि नेमकी ट्रॉलीची चौकट एका कोपऱ्यात चिरलेली दिसते. तुम्ही ती फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेता. मालक बाहेरगावी गेलेला असतो. दुकानात सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असतो. काच न धरता, डोळे किलकिले करून, मान वळवून तो चार रॉड जाळतो आणि म्हणतो, "झालं काका, न्या." सांधा वरून चांगला जाड दिसतो. तुम्हीही समाधानाने घरी येता. आठ दिवसांनी भरलेली ट्रॉली चढावर असताना तोच सांधा उकलतो. ऊस रस्त्यावर पडतो, कारखान्याची पाळी चुकते आणि मागून कोणी येत असेल तर जिवावर बेतते.

त्या पोराला आपण दोष देतो. पण त्याला शिकवले कोणी? दुकानात राहून त्याचा हात बसला, एवढेच. सांधा का धरतो आणि का सुटतो, हे त्याला कोणीच सांगितले नाही. आज अनेक घरांतून असा एखादा मुलगा आहे. शेती थोडी, भाऊ दोन, कॉलेजात मन लागत नाही, म्हणून त्याला 'वेल्डिंगला घातला' आहे. धंदा चांगला आहे यात शंका नाही. परंतु तो धड शिकावयाचा असेल तर काय करावे, याचा विचार घरात बसून करावयास हवा. त्यासाठीच हा लेख.

सांधा म्हणजे चिकटवणे नव्हे

वेल्डिंग म्हणजे दोन लोखंडांना तिसरे लोखंड चिकटवणे, असा पुष्कळांचा समज असतो. खरे तर दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळल्या पाहिजेत आणि रॉडचा धातू त्यांत मिसळून सर्व मिळून एक झाले पाहिजे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. विजेच्या ठिणगीची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. तरीही करंट कमी ठेवला तर रॉड वितळतो पण खालचे लोखंड वितळत नाही आणि धातू नुसता वर बसून राहतो. तुमच्या ट्रॉलीचे झाले ते हेच. करंट फार वाढवला तर कडेला खाच पडते आणि पुढे तिथूनच चीर जाते.

रॉडवरचा लेप शोभेसाठी नसतो. तो जळताना निघणारा वायू आणि वर बसणारी खपली वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. पावसाळ्यात ओल धरलेला रॉड तसाच वापरला की सांध्यात बारीक भोके पडतात. पहिल्या थराची खपली हातोडीने आणि तारेच्या ब्रशने न काढता दुसरा थर चढवला की ती आत अडकते. गंज, रंग, ग्रीस न पुसता मारलेला टाका असाच फसवा निघतो. बाहेरून यातले काही दिसत नाही. दिसते ते ओझे पडल्यावर.

ही कारणे समजणे म्हणजेच शिक्षण. ती समजली की गावातला मुलगासुद्धा ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर करंट लागतो हे लक्षात ठेवून मशिनचा काटा फिरवतो, अंदाजाने नव्हे.

एका वर्षात काय शिकवतात?

महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांत शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय आहे. तिच्यात वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. शासकीय कागदांवर याच व्यवसायाला 'संधाता' म्हणतात. फॉर्म भरताना हे नाव पाहून गोंधळू नका.

सुरुवातीला मुलाला हातात होल्डर देत नाहीत. आधी सुरक्षितता, मग करवत, कानस, मापे घेणे, पत्र्यावर खुणा करणे. घरी येऊन मुलगा तक्रार करील की, "महिना झाला, नुसते घासायलाच लावतात." त्याला समजावून सांगा. ज्याला कड सरळ घासता येत नाही, त्याचा सांधाही सरळ येत नाही.

नंतर सपाट पट्टीवर सरळ रेघ ओढणे, मग पट्टीवर पट्टी, काटकोनातला आणि समोरासमोरचा जोड. पुढे तेच काम उभ्या पट्टीवर आणि डोक्यावर हात करून. डोक्यावरचे काम सर्वांत अवघड, कारण वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. त्याबरोबर गॅसवरचे वेल्डिंग आणि कटिंग, पाइपचे जोड, आणि कारखान्यांत चालणारे मिग व टिग वेल्डिंग यांचीही ओळख होते. जोड मारून झाल्यावर तो वाकवून, तोडून आतून पाहावयास लावतात. दुकानात हे कधीच होत नाही, कारण गिऱ्हाइकाचा जोड कोण तोडणार? स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळणे, हाच शाळेचा मोठा फायदा आहे.

शिवाय नकाशा वाचणे आणि हिशोबही शिकवतात. शेड उभारताना किती अँगल लागेल, वजन किती होईल, हे ज्याला कागदावर काढता येते त्यालाच पुढे ठेका घेता येतो.

प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात आणि अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. दहावी नापास मुलांनाही खुल्या असलेल्या व्यवसायांत वेल्डर येतो. तरीही मुलाला दहावी पास करूनच घ्या, त्याचे एक कारण पुढे सांगितले आहे. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. सांध्याला लागते ती हाताची स्थिरता आणि चिकाटी, आणि ती मुलींकडे नाही असे कोण म्हणेल? लेकीने नाव काढले तर "हे बायकांचे काम नव्हे" असे म्हणून तिला गप्प बसवू नका.

डोळे आणि छाती सांभाळा

उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे पाहिले तर त्या वेळी काही वाटत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते, उजेड सोसत नाही. घरोघरी यावर बटाट्याच्या चकत्या, दूध, मध असे उपाय करतात. डोळ्यांत यातले काहीही घालू नका. डोळे चोळू नका, अंधारात विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. साधा गॉगल यासाठी चालत नाही. रॉडच्या कामाला १० ते १२ नंबरची गडद काच लावलेले हेल्मेट किंवा हातात धरावयाचा पडदा हवा. शेजारी उभे राहणाऱ्या लहान मुलांनाही हाच धोका असतो.

वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवले. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि डोके धुराच्या झोतात ठेवू नये. जस्ताच्या पत्र्यावर किंवा जी.आय. पाइपावर वेल्डिंग केल्यास त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्या जागेचे जस्त आधी घासून काढावे.

आणखी काही गोष्टी घरात सर्वांना पाठ असू द्या. डिझेलच्या रिकाम्या टाकीला किंवा पिंपाला वेल्डिंग करू नये. आतली वाफ पेटून स्फोट होतो. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या तोंडाला तेल वा ग्रीस लावू नये. अॅसिटिलीनचा तांबूस-तपकिरी सिलिंडर आडवा ठेवून वापरू नये. अंगात नायलॉनचा शर्ट नको, सुती हवा. पायांत चप्पल नको, बूट हवेत. ओल्या जमिनीवर उभे राहून होल्डर धरू नये. ट्रॅक्टरला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात.

कागद मिळाला, पुढे काय?

परीक्षा झाल्यावर राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. पण एका वर्षात कोणी कसबी कारागीर होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढचे पाऊल शिकाऊ उमेदवारीचे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना असे उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली या भागांतून अशी कामे असतात. उमेदवारीत पैसे कमी मिळतात. शेजारच्या पोराला दुकानात जास्त मिळतात, असे वाटून कोणी मध्येच मुलाला परत बोलावतात. तसे करू नका. हात खरा बसतो तो याच काळात.

ज्याचा हात पाइपावर बसला, त्याने बॉयलर वेल्डरच्या परीक्षेची तयारी करावी. साखर कारखान्यात बॉयलर असतोच. त्याच्या दाबाच्या भागावर परीक्षा पास झालेल्या वेल्डरनेच काम करावयाचे, असा नियम आहे. म्हणजे आपल्याच तालुक्यात या कसबाला मागणी आहे.

आखातात जाण्याचे आमिष दाखवणारेही भेटतील. सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटाखेरीज कोणालाही पासपोर्ट किंवा पैसे देऊ नका. फिरावयास जाण्याच्या व्हिसावर कामाला जाऊ नका. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगीची अट येते. दहावी करून घ्या म्हटले ते यासाठीही.

ज्याला गावातच राहावयाचे आहे, त्याने दोन-तीन वर्षे बाहेर काम करून मग दुकान काढावे. आता मिळणारी छोटी इन्व्हर्टर मशीन घरगुती फेजवरही चालतात. त्यामुळे सुरुवात लहान भांडवलात होते. मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. मात्र शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग चालवू नका. ते बेकायदेशीर आहे आणि दंडाची रक्कम वर्षाची कमाई खाऊन टाकते. दुकानासाठी वेगळा मीटर घ्या.

जमीन विकावी लागू नये म्हणून

घरातल्या एका मुलाच्या हातात असे कसब आले तर दुष्काळाच्या वर्षी घर उभे राहते. मोगड्याचा फण, गोठ्याची शेड, ठिबकच्या टाकीचा स्टँड, ही घरची कामे तर होतातच, पण पावसाने ओढ दिली तरी महिन्याचे चार पैसे येत राहतात. एका वर्षाच्या शिक्षणाला घाबरून हे गमावू नका.

येत्या प्रवेशाच्या आधी एक दिवस काढा. मुलाला, मुलीला बरोबर घेऊन तालुक्याच्या आयटीआयमध्ये जा. निदेशकांना भेटा, कार्यशाळा पाहा, मशीन किती आहेत आणि मुलांना रॉड पुरेसे जाळावयास मिळतात का, हे विचारा. आपण बैल घेताना त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. मुलाचे वर्ष कोठे घालावयाचे, हे ठरवताना निदान तेवढी चौकशी तरी करावी.