साकिची टोयोडांचे नाव का टिकले?

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली, पण माग बनवणाऱ्या कारागिराचे नाव बाजारात क्वचितच ऐकले. जपानचे साकिची टोयोडा याला अपवाद आहेत.

त्यांच्याआधी गाउन नावाच्या जपानी कारागिराने सूतकताईचे ‘गाराबो’ यंत्र बनवले. १८७७ च्या टोकियो प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळाले. पण तेव्हा तेथे पेटंटचा कायदा नव्हता. इतरांनी नक्कल करून पैसा कमावला, गाउन तंगीतच राहिला.

कायदा १८८५ साली आला. सुताराचा मुलगा असलेल्या टोयोडांनी १८९१ मध्ये आपल्या लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. धागा तुटताच थांबणारा, चालता चालता धोटा बदलणारा त्यांचा माग १९२४ साली तयार झाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना त्याचे हक्क घेतले. पुत्र किइचिरो मोटारींकडे वळले. १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

हुन्नर दोघांकडेही होता. फरक पडला तो नोंदणीचा आणि वारसा पुढे नेणाऱ्या मुलाचा. कारागीर बंधूंनो, आपल्याकडेही २००० च्या डिझाइन कायद्याने नव्या नक्षीची नोंदणी होते. नक्षी आधी नोंदवा, मगच बाजारात दाखवा.