शेफिल्डचं पोलाद – ६ : मुशीची माती

केलम आयलंडच्या रिव्हर डॉन इंजिनाविषयी या आठवड्यात लिहायचं होतं, पण ते पुढच्या हप्त्यात. मधेच कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या वाचकांचं पत्र आलं. ॲबीडेलच्या कारखान्यात मुशीची माती अनवाणी पायांनी तुडवत, असं मी गेल्या वेळी ओझरतं लिहिलं होतं. ‘घणसुद्धा पाणचक्कीवर चालवणाऱ्यांनी माती मात्र पायांनीच का मळावी?’ असं ते विचारतात. प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमणार नाही.

उत्तर तळपायाच्या कातडीत आहे. मळलेल्या मातीत बारीकसा खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर तो पायाला कळतो. म्हणून चिनी माती, भट्टीला टिकणाऱ्या आणखी दोन-तीन माती आणि कोकची भुकटी एकत्र करून माणसं त्यावर तासन् तास नाचल्यासारखी पावलं टाकत राहायची. नंतर साच्यात मूस घडवायची, ती दिवसच्या दिवस वाळवायची आणि वापरण्याआधी रात्रभर मंद आचेवर तापवायची.

एवढी काळजी कशासाठी, ते पुढचं काम पाहिल्यावर कळतं. मुशीत वीस-पंचवीस किलो पोलादाचे तुकडे घालून ती जमिनीखालच्या भट्टीत कोकच्या निखाऱ्यांत उतरवत. तीन-चार तासांत आच सुमारे १६०० अंशांपर्यंत जाई. मग पायांना ओली गोणपाटं गुंडाळलेला एक गडी भट्टीच्या तोंडावर दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राही आणि पांढरीफटक तापलेली मूस लांब चिमट्यानं उचलून बाहेर काढी. दुसरा गडी ती तिरपी करून पोलादाची धार साच्यात सोडी, तीही न अडखळता आणि साच्याच्या कडेला न लागता. त्या क्षणी मूस तडकली तर पोलाद वाया जाईच, शिवाय माणूस भाजून निघे. मळताना राहून गेलेला एक खडा असा जिवावर बेतू शकत होता.

ही रीत बसवली बेंजामिन हंट्समननं, १७४०च्या दशकात. तो डोंकास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगांना लागणारं एकसारखं पोलाद त्याला मिळेना, म्हणून त्यानं ते स्वतःच वितळवायला घेतलं. मला त्याचं मोठं कौतुक वाटतं ते मुशीसाठी. बंद मुशीत पोलाद करणं आपल्याकडच्या कारागिरांना त्याच्या कितीतरी शतकं आधी ठाऊक होतं. १७९०च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवलेलं वूट्झ पोलाद त्याच परंपरेतलं. पण आपल्याकडे पोलाद मुशीतच थिजू देत आणि मूस फोडून गोळा बाहेर काढत. हंट्समनला ते ओतायचं होतं. त्यामुळे त्याच्या मुशीला भट्टीतली आच सोसून वर पांढऱ्या अवस्थेत उचललं जाणंही सोसावं लागे. शिवाय भट्टीतून काढलेली मूस थंड झाली की तडकते. म्हणून ती गरम असतानाच पुन्हा भरत. एका दिवसात तीन वेळा पोलाद वितळवलं की तिचं आयुष्य संपलं. आधीच्या खेपेत पातळ धातूच्या पृष्ठभागाशी मुशीची भिंत खाल्ली जाई. म्हणून पुढच्या खेपेला माल थोडा कमी घालत, म्हणजे ती कमजोर रेषा धातूच्या वर राही. इतका बारीक विचार मला फार थोड्या कारागिरीत दिसला आहे.

ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटला जाल तर बहुतेकांसारखं थेट पाणचक्कीकडे वळू नका. आधी मुशी घडवण्याच्या खोलीत जा, मग शेजारच्या भट्टीघरात, आणि शेवटी तळघरात उतरा. राख काढणारी पोरं तिथे राबत. हंट्समनच्या पद्धतीची इतकी संपूर्ण भट्टी जगात दुसरीकडे उरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा पेटवली होती. शहरात परतल्यावर हॉइल स्ट्रीटवरचा बाटलीच्या आकाराचा विटांचा बुरूजही पाहा. ती १८४८ची भट्टी. मुशीत जाणारं पोलाद आधी अशा भट्ट्यांत, लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत दिवसेंदिवस तापवून तयार होई.

शिरोलीच्या वाचकांनी दुसरंही विचारलं आहे : ओतताना पोलादात बुडबुडे राहू नयेत म्हणून काय करत? त्याचं उत्तर इंजिनाच्या हप्त्यानंतर देतो.