कृष्णद्रव्याचं वजन खोडदला, शोध खाणीत

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांपलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना दिसू लागतात. विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुलं त्या बघायला येतात. विश्वातल्या अदृश्य द्रव्याचं वजन या अँटेनांनी केलंय, हे त्या मुलांना आवर्जून सांगायला हवं.

सप्तर्षींच्या दिशेला एनजीसी 3741 नावाची बटू दीर्घिका आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव यांनी जीएमआरटीवर तिच्यातल्या हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरी टिपल्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, हा वायू दीर्घिकेच्या दिसणाऱ्या हद्दीच्या आठ पटींहून दूर पसरलेला आढळला. तो ज्या वेगाने फिरतो, त्या वेगात त्याला धरून ठेवायला तारे आणि वायू मिळूनही पुरत नाहीत. उरलेला भार कृष्णद्रव्याचा.

भार कळला, पण कण हाती लागलेला नाही. त्यासाठी सोडियम आयोडाइडचे स्फटिक जमिनीखाली ठेवतात. कृष्णद्रव्याचा कण अणुकेंद्रावर आदळला, तर स्फटिकात क्षीण चमक उमटावी. वैश्विक किरणांचा मारा डोक्यावरचा खडक अडवतो. इटलीत ग्रान सास्सो डोंगराच्या 1400 मीटर खडकाखाली डामा गट गेली कित्येक वर्षं सांगतोय, की कृष्णद्रव्यामुळे चमकांचा दर जूनच्या सुरुवातीला वाढतो आणि डिसेंबरात उतरतो. स्पेनच्या अनाइस आणि कोरियाच्या कोसाइन या प्रयोगांना मात्र तशाच स्फटिकांत हा चढउतार दिसला नाही.

आता सगळी लढाई शुद्धतेची आहे. खोडदची जागा निवडली ती तिथे रेडिओ गोंगाट कमी म्हणून. या स्फटिकांच्या प्रयोगांत गोंगाट स्फटिकाच्या पोटातच असतो. मुख्य शत्रू किरणोत्सारी पोटॅशियम-40. त्याच्या एका प्रकारच्या ऱ्हासात सुमारे 3 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते आणि डामाचा संकेत नेमका 2 ते 6च्या पट्ट्यातला. तोतया ओळखायचा कसा?

एक उपाय मला फार सुरेख वाटतो. नळीत भरलेल्या सोडियम आयोडाइडचा अरुंद पट्टा तापवून वितळवायचा आणि ती उष्णता हळूहळू पुढे सरकवायची. अशुद्धी वितळलेल्या भागातच राहतात आणि त्याच्याबरोबर टोकाला जातात. ते टोक टाकून द्यायचं. सोडियम आयोडाइड हवेतली ओल लगेच शोषतं, म्हणून स्फटिक कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत घासून तांब्याच्या डब्यात बंद करतात. पोटॅशियम अब्जात काही भागांवर आणलं, तरी पुरत नाही. म्हणून काही प्रयोगांत भोवती चमकणारा द्रव भरतात. पोटॅशियमच्या त्या ऱ्हासात बहुधा एक जोरदार गॅमा किरणही निघतो. तो द्रवात चमकला, की स्फटिकातली त्याच क्षणाची चमक बाद.

ऑस्ट्रेलियात स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत, 1025 मीटर खोल, 'सेबर साउथ' हा असाच प्रयोग आखला आहे. तिथे जूनमध्ये हिवाळा असतो. डामाचा चढउतार ऋतूंमुळे होत असेल, तर तिथे तो उलटा दिसेल. तो कृष्णद्रव्याचा असेल, तर तिथेही शिखर जूनमध्येच येईल, कारण त्या सुमारास पृथ्वीचा वेग सूर्याच्या दीर्घिकेतल्या वेगात मिळतो आणि त्याला गोलार्धाचा फरक पडत नाही.